अर्जदार शांत होणे

आमची कंपनी लोकांच्या उधारीची माहिती साठवते. कोणी कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही, कोण कोणाला जामीन राहिला, हे सगळं आमच्याकडे असतं आणि बँका ते विकत घेतात. ज्याची माहिती आहे त्याला ती वर्षातून एकदा फुकट दाखवायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मी त्याच्याविरुद्ध काही बोलत नाही. मी फक्त त्याचा हमाल आहे.

हमाल हे माझं कचेरीतलं नाव. त्याचं असं आहे की ज्यांनी हा नियम केला त्या नियामक कार्यालयाला दरवर्षी एक काळजी वाटते: आपल्या या नियमामुळे कंपनीवर कागदपत्रांचा भार किती पडत असेल? ही काळजी मिटावी म्हणून ते आम्हाला एक फॉर्म पाठवतात. फॉर्म चांगला उशीसारखा जाड असतो. अर्ज घ्यायला किती मिनिटं, ओळख पटवायला किती, छापायला किती, पाकीट बंद करायला किती, पाकीट नीट चिकटलं नाही तर किती. शेवटून दुसऱ्या पानावर हा फॉर्म भरायला किती वेळ लागला ते विचारलेलं असतं, आणि तो वेळ भारात धरायचा की नाही यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. हे सगळं भरणं माझं काम. कंपनीचा भार मी वाहतो म्हणून हमाल. हे नाव बायकोच्या कानावर गेल्यापासून घरातलं कपाट सरकवायलाही मीच लागतो.

पण गोष्ट माझी नाही, ताईंची आहे.

बहुतेक लोक आपला अहवाल मोबाईलवर बघतात. ज्यांना ते जमत नाही, किंवा जमतं पण भरवसा वाटत नाही, ते खिडकीवर येतात. खिडकी इमारतीच्या बाजूला आहे, सायकली लावतात तिथे. काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक आहे. ते पाडणाऱ्यानं आत बसलेल्या माणसाच्या तोंडाचा अंदाज घेतला आणि बाहेर उभ्या असलेल्याचा विसरला, त्यामुळे येणारा प्रत्येक जण कमरेत वाकून बोलतो. आत एक खुर्ची, एक प्रिंटर, शिक्के, ओला स्पंज, आणि खुर्चीच्या पाठीवर ताईंचा करडा स्वेटर, कारण एसीचा झोत नेमका त्यांच्या मानेवर येतो. झोताची तक्रार त्यांनी केली होती. तक्रारीची नोंद झालेली आहे.

ताईंना सगळेच ताई म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले आमचे साहेबसुद्धा. बेताची उंची, कपाळावर चढवलेला आणि तिथेच विसरलेला चष्मा, आणि आवाज असा की त्या भोकाची खरं तर गरजच नव्हती. पूर्वी त्याही इतरांसारख्याच काम करायच्या. ओळखपत्र बघायचं, छापायचं, शिक्का मारायचा, पाकीट बाहेर सरकवायचं, पुढचा. मग एकदा एका गृहस्थांनी पाकीट तिथेच फोडलं, पहिलं पान पाहिलं आणि सायकलींच्या मधे मटकन खाली बसले. ताई पाणी घेऊन बाजूच्या दारानं बाहेर धावल्या. अर्धा पेला पोटात गेल्यावर गृहस्थ म्हणाले, "एवढे हजार मी कधी घेतले हो?" पानावरचा मोठा आकडा म्हणजे आपल्या डोक्यावरचं कर्ज, तेही हजारांत, असा त्यांचा समज झाला होता. तो त्यांचा पतगुणांक होता. शाळेतल्या मार्कांसारखा असतो तो, आणि त्यांचे मार्क तसे बरे होते.

त्या दिवसापासून ताईंनी आपली एक रीत पाडली. छापलेलं पाकीट त्या हातात धरून ठेवायच्या आणि विचारायच्या, "आधी तुम्ही सांगा, आत काय असेल असं वाटतंय?" माणूस गडबडायचा. मग सांगायला लागायचा. त्याचं सांगून झालं की मगच ताई पाकीट द्यायच्या आणि दोघं मिळून ते वाचायचे. नियमात यातलं एक अक्षरही नव्हतं. नियमात पाकीट देणं होतं, आणि ते तर त्या देतच होत्या.

ताई म्हणजे कोणी साध्वी होत्या असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. त्यांना लोकांच्या भानगडी ऐकायची मनापासून हौस होती. शिवाय न मागता सल्ला द्यायची खोड होती आणि सगळेच सल्ले बरोबर असतील असं काही नव्हतं. एका शिंप्याला त्यांनी जुनं क्रेडिट कार्ड बंद करून टाका म्हणून ठणकावून सांगितलं. त्यानं ते बंद केलं आणि त्याचा गुणांक चांगलाच घसरला. तो पुढच्या वर्षी वाकून भांडायला आला. ताईंनी चूक कबूल केली आणि भरपाई म्हणून नवऱ्याच्या चार पँटी त्याच्याकडे सैल करायला टाकल्या. शिंप्याला हा न्याय पटला. मला अजून पटलेला नाही.

छत्र्या दुरुस्त करणारे एक काका मला चांगले आठवतात, कारण त्या दिवशी मी आत स्टुलावर बसलो होतो. काका वाकले. ताई म्हणाल्या, "सांगा, काय असेल आत?"

"काही नसेल. आपण कधी कोणाचं घेतलं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. मान ताठ आहे आपली," काका वाकलेल्या अवस्थेत म्हणाले.

ताईंनी पाकीट दिलं. आत एक मोठं थकलेलं कर्ज होतं, त्यात काका जामीन. काका पांढरेफटक पडले. ताई शांतपणे म्हणाल्या, "मेहुणा आहे का तुम्हाला?"

"आहे. बायकोचा धाकटा भाऊ."

"त्याच्या कुठल्या कागदावर सही केली होती?"

"कागदावर नाही हो. म्हणजे केली होती एक. त्याच्या लग्नाच्या गडबडीत. तो म्हणाला, भावोजी, इथे एक सही. मला वाटलं हॉलवाल्याची पावती असेल."

पुढचा बराच वेळ मेहुण्यावर गेला. काय शिकला, कुठे राहतो, बायकोला हे ठाऊक आहे का, आणि तिला कसं सांगायचं. बँकेत कोणाला भेटायचं तेही ताईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. काका निघाले तेव्हा त्यांची मान ताठ नव्हती, पण रंग परत आला होता. मागच्या रांगेतली माणसं कंटाळली असतील असं मला वाटलं होतं. उलट ती दोन पावलं पुढे सरकून ऐकत होती.

ताई मी राहतो त्याच इमारतीत राहतात. त्या खालच्या मजल्यावर, आम्ही वर. घरात नवरा आणि सासू. नवरा दूध डेअरीत पहाटपाळीला असतो, त्यामुळे दिवेलागणीला तो झोपलेला असतो. सासूबाईंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून असतात. त्यांना आम्ही आजी म्हणतो. आजींचं आणि ताईंचं लग्नाच्या पहिल्या दिवसापासून कशावरूनच पटलेलं नाही. मीठ, पडदे, पंख्याचा वेग, चादरीची घडी. आजींच्या तोंडून सुनेबद्दल चांगला शब्द मी तरी कधी ऐकला नव्हता. पण संध्याकाळी ताईंनी चपला काढल्या की आजी विचारायच्या, "आज कोण आलं होतं?"

मग ताई पलंगाच्या कडेला बसून सांगायच्या. नाव कधीच सांगायच्या नाहीत, तो नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि आजींना नावाची गरज नव्हती. त्या आपल्या "मेहुणेवाला" आणि "चार पँटीवाला" असं लक्षात ठेवायच्या. मधे मधे मत द्यायच्या. मेहुणेवाल्याच्या बायकोला आधी सांगायला हवं होतं, हे त्यांचं मत ताईंच्या मताच्या अगदी उलट होतं, आणि त्यावरून दोघी जेवणं होईपर्यंत वाद घालत होत्या. जिन्यातून वर जाताना ते माझ्या कानावर पडायचं. त्या घरात आनंदाचा म्हणावा असा तेवढाच काळ होता.

त्या वर्षी फॉर्मबरोबर एक पत्रही आलं. एका अहवालामागे पंधरा मिनिटांहून जास्त वेळ जात असेल तर तो भार अवाजवी समजण्यात येईल, आणि कंपनीला खिडकी बंद करून तिथे यंत्र बसवता येईल.

साहेबांनी मला आत बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे ओढली. "हमाल, या वर्षी अगदी खरं मोजा. स्टॉपवॉच घेऊन बसा. एक मिनिटही कमी लिहू नका. सत्य ते सत्य." कंपनीला खरं बोलायची एवढी घाई झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि ताईंचं काय?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर स्कॅनिंगला. एकदम आराम. कोणाचं तोंड बघायला नको, कोणाशी बोलायला नको."

स्कॅनिंगची खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी नाही. एक यंत्र, एक हिरवा दिवा, आणि कागद घालायला एक माणूस. मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या स्पंजावर बोट दाबत म्हणाल्या, "तिथे मी वेडी होईन हो. आणि घरी जाऊन आईंना सांगू काय? आज एक कागद आला होता म्हणून?" निवृत्तीला त्यांची काही वर्षं उरली होती. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि साहेबांचा संताप आला, पण संतापासाठी माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

मी आठवडाभर स्टुलावर बसून मोजलं. सरासरी सव्वीस मिनिटं आली. मग मी एक हुशारी केली, निदान मला ती हुशारी वाटली. फॉर्ममध्ये छापलेल्या पायऱ्या तेवढ्याच धरल्या: अर्ज, ओळख, छपाई, शिक्का, पाकीट. त्यांची बेरीज सहा. बोलणं ही पायरी छापलेलीच नव्हती, तेव्हा ती मोजायचा प्रश्नच नाही. सहा म्हणजे पंधराच्या खूप खाली. खिडकी वाचली, ताई वाचल्या, आणि मी खोटंही बोललो नाही. मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

आता एक नियम आहे की ज्याचं काम मोजलं त्यानं आकडा वाचून खाली सही करायची. आजवर कोणी वाचलं नव्हतं. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं.

"सहा?"

"हो," मी आवाज खाली आणून म्हणालो. "पंधराच्या आत बसलो की झालं. करा सही."

"सहा मिनिटांत मी काय करते, सांगा बरं मला. पाकीट ढकलते?"

"ताई, कागदावर हो. फक्त कागदावर."

"तुम्ही कागदावरच राहता, म्हणून तुम्हाला 'फक्त' वाटतं. आज सहा लिहिलेत तर उद्या तुमचे साहेब मला सहाच मिनिटं देतील. मग सातव्या मिनिटाला त्या छत्रीवाल्याला काय सांगू? उठा, पुढचा?"

मी परोपरीनं समजावलं. सव्वीस लिहिलं तर खिडकी जाते, सहा लिहिलं तर राहते, इतका साधा हिशेब आहे म्हणालो. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, सहा खोडले आणि सव्वीस लिहिले. मग पानाच्या तळाशी असलेली एक रिकामी चौकट त्यांना दिसली. "नवीन पायरी सुचवायची असल्यास नाव लिहावे." त्यांनी जरा विचार करून लिहिलं: अर्जदार शांत होणे. त्यापुढे लिहिलं, वीस मिनिटे. आणि सही केली.

मला त्यांचा भयंकर राग आला. मी स्वतःहून त्यांची मान सोडवायला गेलो आणि त्यांनी ती परत आत घातली. पुढे कितीतरी दिवस मी जिन्यात त्यांच्याशी बोललो नाही. बायकोनं कारण विचारलं तर तिच्यावरही खेकसलो. साहेबांनी मात्र आकडा बघितला आणि मला चहा पाजला. यंत्राचं माहितीपत्रक त्यांनी टेबलावर काचेखाली घालून ठेवलं.

नियामकांचं उत्तर यायला काही महिने गेले. या काळात ताई खिडकीत रोजच्यासारख्या बसत होत्या आणि रोजच्यापेक्षा जास्त बोलत होत्या. संपत आलेलं काही वाढून घेतात तसं. आजींना त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

उत्तर आलं ते चौदा पानी. साहेबांनी ते उभ्यानं वाचायला घेतलं आणि पाचव्या पानाला बसले. झालं होतं ते असं. नवीन पायरी सुचवायची ती चौकट फॉर्ममध्ये पहिल्यापासून होती, पण कोणत्याच कंपनीनं ती कधी भरली नव्हती. तिकडे ती चौकट वाचण्यासाठी एक स्वतंत्र विभाग होता, आणि त्यालाही पहिल्यापासून काम नव्हतं. त्या विभागाच्या हाती ताईंचं वाक्य पडलं. त्यांनी त्याचं सोनं केलं. "अर्जदार शांत होणे" ही पायरी ग्राहकांच्या हिताची असून यापुढे सर्व कंपन्यांच्या सर्व खिडक्यांवर ती सक्तीची राहील. ही पायरी यंत्राला करता येत नसल्याने खिडकी बंद करता येणार नाही. तिचा वेळ पंधरा मिनिटांच्या मर्यादेत धरू नये.

साहेबांनी काचेखालून माहितीपत्रक काढलं. ते चिकटलं होतं, त्यामुळे अर्धंच निघालं.

मी धावत खाली गेलो. ताईंचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी स्पंज पुसायच्या फडक्यानं टिपलं. मी माफी मागायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमच्या सहावर सही केली असती तर?" मग माझा माफीचा बेत राहून गेला. संध्याकाळी त्यांनी आजींना सगळं पहिल्यापासून सांगितलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे खिडकी राहिली ना? मग एवढं काय सांगत बसलीस? आज कोण आलं होतं ते सांग."

चौदा पानांतली उरलेली नऊ पानं आम्ही दुसऱ्या दिवशी वाचली.

पायरी सक्तीची झाली म्हटल्यावर ती झाली की नाही हे तपासायला हवं, आणि तपासायचं तर कागद हवा. त्यासाठी एक नवा नमुना तयार झाला होता. अहवाल देण्यापूर्वी अर्जदारानं खूण करायची: शांत, अस्वस्थ, अति अस्वस्थ. मग ताईंनी एक ठरलेला मजकूर वाचून दाखवायचा. मग अर्जदारानं पुन्हा खूण करायची. दुसरी खूण "शांत"वर आली नाही तर कारण नमूद करायचं. दोन प्रती, दोन्हीवर सह्या. ठरलेल्या मजकुराखेरीज दुसरं काही बोलल्यास अर्जदारांना असमान वागणूक मिळू शकते, म्हणून ते टाळावं. आणि या नव्या नमुन्याचा भार किती पडतो ते दरवर्षी कळवावं. ते पान माझ्यासाठी होतं.

मजकूर असा सुरू व्हायचा: "आपला पतगुणांक हे आपल्या व्यक्तिमत्त्वाचे मूल्यमापन नसून सदर माहितीच्या आधारे काढलेला एक निर्देशक आहे, हे आपण समजून घ्यावे." ताई तो वाचायच्या तेव्हा त्यांचा तो दणदणीत आवाज कुठे जायचा कोण जाणे. एक आजोबा वाकून ऐकत होते. ताईंनी विचारलं, "आपण शांत आहात, अस्वस्थ आहात, की अति अस्वस्थ?"

"मी? मी बरा आहे. का? काय झालंय?"

"काही नाही. खूण करायची आहे."

"आत काही वाईट आहे का? आधीच सांगा."

ताईंनी मजकूर वाचला. आजोबांनी दुसरी खूण "अति अस्वस्थ"वर केली. कारण नमूद करायच्या जागेत ताईंनी लिहिलं, "मजकूर." तो नमुना परत आला, कारण मजकूर हे कारण यादीत नव्हतं.

आता रांग खरंच लांबायला लागली आणि खरंच कंटाळायला लागली. ताई दिवसभर बोलत होत्या आणि एकाही माणसाशी बोलत नव्हत्या. मी ते बघत होतो आणि मला वाटायचं, सहा तरी बरे होते. संध्याकाळी आजी विचारायच्या, "आज कोण आलं होतं?"

"बारा अस्वस्थ. तीन अति अस्वस्थ."

"ही काय माणसं झाली?"

"आता अशीच येतात, आई."

आजींनी पुढे काही दिवस विचारलं. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि दोघी पुन्हा पंख्याच्या वेगावर आल्या. नंतर पंखाही बंद झाला. मी जिन्यातून वर जायचो तेव्हा खालच्या घरातून फक्त टीव्हीचा आवाज यायचा. मला वाईट वाटलं म्हणणं कमी आहे. मला फार वाईट वाटलं, आणि आपण पानं भरण्यापलीकडे काही करू शकत नाही याची लाज वाटली.

एके दिवशी दुपारी मी सायकल काढायला गेलो तर खिडकीवर "जेवणाची सुट्टी" ही पाटी लागलेली आणि भिंतीलगतच्या बाकावर ताई. मांडीवर डबा, झाकण लावलेलं. शेजारी एक बाई हातात पाकीट घट्ट धरून बसलेली. पाकीट खिडकीतून रीतसर दिलेलं होतं. दोन खुणा, दोन सह्या, सगळं झालेलं. ताई तिला म्हणत होत्या, "अजून फोडू नका. काय असेल त्यात, तुम्हाला काय वाटतं?" बाई सांगायला लागली. भिंतीपाशी आणखी तिघं उभी होती. कोणी वाकलेलं नव्हतं, कारण बाकावर भोक नाही.

हे रोजचं झालं. लोकांना कळायला वेळ लागला नाही. सकाळी पाकीट घ्यायचे आणि दुपारपर्यंत न फोडता थांबायचे. पहारेकऱ्यानं स्वतःहून आणखी एक बाक आणून टाकला.

साहेबांच्या खोलीतून तो बाक दिसतो. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "हमाल, तेही धरा. रोज पाऊण तास जातोय तिथे. भार आहे तो. दाखवू की वरच्यांना."

मी विचार केला. बाक लिहिला तर तिकडचा तो विभाग तो वाचणार. बाकाची उंची ठरणार, बाकावर बसण्यापूर्वीची खूण ठरणार, बाकावर वाचायचा मजकूर येणार. मी म्हणालो, "साहेब, जेवणाच्या सुट्टीत माणूस काय करतो ते कंपनीला मोजता येत नाही."

"असा नियम आहे?"

"आहे," मी म्हणालो. असा नियम आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. साहेबांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून तो टिकला.

संध्याकाळी मी फॉर्म घेऊन ताईंच्या दारात गेलो, सही घ्यायला. दार उघडंच होतं. ताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, अंगावर अजून तो करडा स्वेटर. पुढ्यात दुपारचा डबा होता, भरलेला. तो रोज तसाच परत येतो हे मला त्या क्षणी कळलं. मी आजवर त्यांची सगळी मिनिटं मोजली होती आणि ही बाई दुपारी उपाशी राहते हे मला दिसलं नव्हतं.

"आई, आज एक कुलूपवाला आला होता," ताई सांगत होत्या. त्यांचा आवाज पूर्वीसारखा जिन्यापर्यंत येत होता. "कुलपं दुरुस्त करतो, आणि त्याच्या नावावर—"

आजींनी हात वर केला. कोपरावर भार देऊन त्या थोड्या उठल्या. हाड मोडल्यापासून त्या एवढ्या उठलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. डबा त्यांनी स्वतःकडे ओढला. झाकण काढायला त्यांना वेळ लागला. ताई मदतीला पुढे झाल्या तर त्यांचा हात आजींनी बाजूला सारला. झाकण निघालं. डबा त्यांनी सुनेपुढे सरकवला.

"आधी जेव," आजी म्हणाल्या. "मग सांग. मला घाई नाही."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी घास घेतला. गार अन्न त्या मान खाली घालून जेवत होत्या आणि आजी, एकेक घास मोजावा तशा, त्यांच्याकडे बघत होत्या. मी फॉर्म पाठीमागे धरून दारातच उभा राहिलो. आजींचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तुमचं काय काम आहे?"

"सही हवी होती. सवडीनं."

"ती जेवतेय," आजी म्हणाल्या. "बसा तोवर."

मी बसलो.